डायनामोचा मानकरी

आमच्या दवाखान्यात तपासून गेलेला पेशंट गावात कुठेही ओळखू यायचा. त्याच्या छातीवर रुपयाएवढे दोन-तीन काळे गोल उमटलेले असायचे. परगावचे लोक त्याला डॉक्टरांची काहीतरी नवी ट्रीटमेंट समजत. खरं कारण साधं होतं. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप सकाळी बाबी मेस्त्रीने जीपच्या इंजिनाला लावलेला असायचा. तो स्पिरिटने पुसायचं काम कंपाउंडर म्हणून माझं होतं, आणि मी आळशी होतो.

जीप लढाईतली. लढाई संपल्यावर सरकारने ज्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली एक डॉक्टरांनी पुण्याहून आणली. मालवणच्या बाजारापासून मसुऱ्याकडच्या वाड्यांपर्यंत डॉक्टर तोवर पायी नाहीतर बैलगाडीने व्हिजिटला जात. जीप आली आणि तिसऱ्याच दिवशी दवाखान्यासमोर खोकून खोकून बंद पडली. त्या दिवशी बाबी मेस्त्री आमच्या औषधांच्या कपाटाचं दार बसवायला आला होता. जातीचा सुतार. उजव्या कानावर पेन्सिल, डाव्या कानावर विडी. कामात असला की कधीकधी पेन्सिल पेटवायला जायचा. हातातला रंधा खाली ठेवून तो जीपभोवती एक फेरी मारून आला आणि थेट डॉक्टरांसमोर उभा राहिला.

"डॉक्टरांनू, ती तुमची नळी वायच देवा."

"बाबी, ती माणसांसाठी असते."

"मगे ही काय कोल्ह्यांची सेवा करता? माणसांचीच करता मा?"

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून दिली. मेस्त्रीने स्टेथोस्कोप कानात घातला, मला हँडल मारायला लावलं आणि इंजिनाच्या चार बाजूंना नळी लावून डोळे मिटून ऐकलं. मग निदान सांगितलं, "काळीज बरा आसा. छातीत कफ आसा." पेट्रोल जिथून येतं तिथे खरोखरच कचरा अडकलेला निघाला. त्या दिवसापासून कपाटाचं दार जे अर्धवट राहिलं ते मी नोकरी सोडेपर्यंत तसंच होतं.

इंजिन त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्या पावसाळ्यात रस्ते बंद झाले तसा त्याने डॉक्टरांच्या मांगरात, म्हणजे परसातल्या गवत-लाकडाच्या खोपटात, जीप उभी केली आणि संपूर्ण खोलली. सुटे भाग केळीच्या पानांवर ओळीने मांडले. डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वैनी म्हणत असू, त्या घाबरून म्हणाल्या, "मेल्या, आता हे परत लागतलां कसां?" मेस्त्री म्हणाला, "वैनीनू, ही पंगत आसा. कोणाच्या शेजारी कोण बसलो होतो ता माका म्हायत आसा. मधल्या मधी कोणी उठू नये, इतक्याच बगा." आणि त्याने महिनाभर मांजरालाही आत सोडलं नाही.

त्या महिन्यात त्याने जे शास्त्र तयार केलं ते कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. नवे भाग घालायला त्याची कधीच ना नव्हती. उलट हौस होती. हळूहळू त्या जीपचा हॉर्न गोव्याहून आला, कार्बोरेटर कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचा बसला, आणि डॉक्टर ज्या सीटवर बसत ती मूळची न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची होती. मान मागे टेकली की डॉक्टरांना दाढीची आठवण व्हायची. पण तो भाग ज्या लोखंडी आधारावर बसायचा, तो आधार मेस्त्री कोणालाही बदलू देत नसे. भाग बाहेरचा चालेल. आधार गाडीच्या जन्माचा हवा.

"नवरी नवी येवंदे," तो म्हणायचा, "चूल मूळचीच व्हयी."

फारच खोदून विचारलं तर गावऱ्हाटीवर, गावदेवाच्या जुन्या रीतींवर, यायचा. "गावात भायरचो माणूस येवंदे, घर बांधूंदे, आंबे लावंदे. तेका कोण नाय म्हणता? पण देवळात पयलो नारळ मानकऱ्याचोच. मानकऱ्याक जाग्यावरसून उठवलात काय आख्खो गाव हलता. तसाच इंजिनाचा." म्हणून त्या जुन्या आधारांना, ब्रॅकेटांना, तो मानकरी म्हणायचा. प्रत्येकावर त्याने पटाशीने फुलीची खूण केली होती.

हे शास्त्र तो घरातही चालवत असे. घर नव्याने बांधलं तेव्हा भिंती बदलल्या, छप्पर बदललं, पण आजोबांच्या वेळचा खांब तसाच ठेवला. तो आता नेमका स्वयंपाकघराच्या दारात आला. मेस्त्रीणबाई दिवसातून दोनदा त्यावर कपाळ आपटून घेत. एकदा मी त्यांच्या टेंगळाला टिंक्चर लावत होतो तेव्हा म्हणाल्या, "मूळची म्हणान माका ठेयल्यान हा, कंपौंडरानू. नायतर कवाच भंगारात दिली असती."

जीप बाहेर पडायची वेळ तर बघण्यासारखी असे. मेस्त्री बॉनेटवर हात ठेवून देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायचा, आणि गाडीत जो कोणी बसला असेल त्याला हुंकार द्यावाच लागे.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा! ही गाडी भायर पडता हा. तिका चढणीर दम दी, उतारार ब्रेक दी!"

"होय म्हाराजा!" गाडीतून आवाज यायचा.

"डायनामोच्या मानकऱ्या, तुझो मान तुका दिलेलो आसा. वाटेत रुसान बसा नको!"

"होय म्हाराजा!"

एकदा गालगुंडाचा पेशंट मालवणच्या इस्पितळात न्यायचा होता. त्याला तोंड उघडता येईना. मेस्त्री बॉनेटवरचा हात काढेना. डॉक्टर घड्याळ बघून बघून थकले. शेवटी पेशंटने मान हलवली ती मेस्त्रीने चालवून घेतली, पण "आवाज नसलेलो हुंकार देवाक किती पोचता कोण जाणा," असं म्हणूनच.

आणि एवढं असून तो स्वतः त्या जीपमध्ये कधी बसला नाही. पालखी करणाऱ्याने पालखीत बसायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. पान्यांची पिशवी खांद्याला लावून जीपमागून चालत यायचा. आमचे रस्ते असे होते की बऱ्याचदा तो आमच्या आधी पोचायचा.

डॉक्टरांच्या मुलीचं, शालूचं लग्न झालं आणि जावई आले. वसंतराव मुंबईच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. माणूस वाईट नव्हता. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि आपल्याला माहीत नाही असं जगात काही असेल अशी शंकाही नसलेला चेहरा. एका मे महिन्यात शालूला घेऊन आले ते सासऱ्यांना भेट म्हणून नवा डायनामो घेऊन. आमचा जुना डायनामो खरंच शेवटच्या घटका मोजत होता. हा काही जीपच्या मूळ कंपनीचा नव्हता. मुंबईच्या कुठल्याशा कारखान्याने तसाच बनवलेला, आणि बरोबर त्याचं स्वतःचं चकचकीत ब्रॅकेट.

मेस्त्रीने डायनामो हातात घेऊन फिरवला आणि मान डोलावली. मग ब्रॅकेटवर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"डायनामो बरो आसा. बैठक पापडाची आसा."

"मेस्त्री, बनवणाऱ्यांनी सगळं गणित करूनच ते दिलंय," वसंतराव म्हणाले. "तुमचं ते गंजकं लोखंड काढून टाका. उगाच वजन."

"गणित मुंबैच्या रस्त्याचा केल्यानी असतला. आमचो रस्तो तेंका खंय म्हायत?"

मग दोघांची जुंपली. मेस्त्रीचा मुद्दा असा की डायनामो इंजिनाच्या बगलेला लटकतो; पंखा, पाणी आणि डायनामो एकाच पट्ट्यावर फिरतात; आधार तुटला की पट्टा गेला, पट्टा गेला की पाणी उकळलं, आणि हे नेमकं चढणीवर होणार. वसंतरावांचा मुद्दा असा की मेस्त्री सुतार आहे. शेवटी दोघांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी वीस वर्षांत कुठल्याही रोगाला पाठ दाखवली नव्हती, पण जावई ही वेगळी बाब. त्यांनी एकदम घड्याळ बघितलं आणि नसलेल्या पेशंटला तपासायला आत गेले.

"पैज लावू या," वसंतराव म्हणाले. "माझं ब्रॅकेट लावून चढणींच्या रस्त्याने वालावलच्या देवळापर्यंत जाऊन येतो. मोडलं तर मी तुमच्या हाताखाली पाना धरीन. नाही मोडलं तर जीप उद्यापासून कुडाळच्या गॅरेजात. तुम्ही तिला पुन्हा हात लावायचा नाही."

अंगणातले सगळे मेस्त्रीकडे बघू लागले. कारण ती जीप म्हणजे मेस्त्रीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. कपाटं आणि खाटा करणारे सुतार पंचक्रोशीत पंधरा होते. इंजिनाची छाती तपासणारा एकच होता. लग्नात त्याला पहिल्या पंगतीत पाट मिळायचा तो जीपमुळे. त्याने डाव्या कानावरची विडी काढली, उजव्या कानावर ठेवली आणि म्हणाला, "चलात."

पैजेच्या गाडीत वसंतराव चालवायला आणि मी साक्षीला, असं ठरलं. माझ्या जिवाचा विचार दोन्ही पक्षांपैकी कोणीच केला नव्हता. मेस्त्रीने मूळचा मानकरी उतरवून नवं ब्रॅकेट इमानेइतबारे, सगळे नट आवळून बसवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिसऱ्या चढणीर जातला. गाडी थांबली काय उतरान टायराक धोंडो लावा, नायतर मागे येतलात." त्याने हे मला एकट्याला सांगितलं असतं तर ठीक होतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाने दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चढणीवर पान-तंबाखू घेऊन बसायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी मेस्त्री मागच्या पडवीत चहा घेत बसला होता. अगदी नवरदेव दिसत होता. तेवढ्यात वैनी बाहेर आल्या.

"उद्या गाडी वालावलला जातेच आहे, तर शालूपण जाईल. पाचवा महिना आहे. लक्ष्मीनारायणाच्या पायावर डोकं ठेवून येऊ दे."

मेस्त्रीचा कप तोंडाशी थांबला. "वैनीनू, चेडू दुसऱ्या खेपेक गेला तर?"

"दुसरी खेप कशाला? जावई स्वतः चालवणार आहेत."

मेस्त्रीने उरलेला चहा अंगणात ओतला. त्याला चहा टाकताना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी मी आलो तर जीप धुऊन पुसून तयार. मेस्त्री बाजूला उभा. गाऱ्हाणं घातलं, पण नेहमीच्या निम्म्या आवाजात. "मानकऱ्या, आज तुका झाकून ठेयलो हा. राग मानू नको," असं काहीसं पुटपुटला. मला वाटलं, काढून ठेवलेल्या ब्रॅकेटची समजूत घालतोय. शालूने हसत "होय म्हाराजा" म्हटलं. वसंतरावांनी म्हटलं नाही.

पहिली चढण गेली. दुसरी गेली. तिसऱ्या चढणीवर दोन्ही बाजूंना माणसं बसली होती, दशावतार बघायला बसावीत तशी. मी एक पाय बाहेर काढून ठेवला होता. जीप गुरगुरत वर चढली आणि पलीकडे उतरली. शालूने सगळ्यांना हात केला. इतके पडलेले चेहरे मी एका ठिकाणी परत पाहिले नाहीत. दर्शन झालं, नारळ फुटला, आणि दुपारी आम्ही त्याच रस्त्याने धडधाकट परत आलो.

वसंतरावांनी सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं. चंदेरी ब्रॅकेट आपल्या जागी घट्ट. "बघा!"

मेस्त्रीने वाकूनही पाहिलं नाही. खांद्यावरच्या पिशवीतून मोठा पाना काढला, बॉनेटवर ठेवला आणि हात जोडले. "जिकलात, जावयबापू."

गावाने त्याला सोडलं नाही. पानाच्या दुकानावर कोणीतरी डायनामोच्या मानकऱ्याचं गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचे. मेस्त्रीही मुकाट्याने हसायचा. मला मात्र त्याचा राग आला होता. एवढी बढाई मारायची, आणि ऐन वेळी माझा एक पाय बाहेर काढून ठेवायला लावायचा.

जीप कुडाळला जायच्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी घालायला मी बॉनेट उघडलं, तर ब्रॅकेटचा चंदेरी रंग उष्णतेने पोपडे धरून निघत होता. खाली गंज होता. आणि गंजावर पटाशीची फुली.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. तो फळी रंधत होता. माझ्या तोंडाकडे बघताच त्याला समजलं.

"तुम्ही रात्रीत जुनंच ब्रॅकेट रंगवून परत घातलंत?"

"हळू बोला. आत बायल आसा."

"मग सरळ हरलो म्हणायचं होतं!"

"हरलंय म्हटला असता तरी पापड थंयच रवलो असतो मा? जावय तेच्यावरच चेडवाक घेवन गेलो असतो." त्याने रंधा झटकला. "आणि हेचा तोंडातसून अक्षर काढलात, कंपौंडरानू, तर तुमच्या मिक्चरात औषध किती आणि बावीचा पाणी किती, ता मी देवळात सांगतलंय."

मिक्स्चरचं त्याला कसं कळलं होतं मला माहीत नाही. मी गप्प राहिलो. निघताना पाहिलं, वसंतरावांचं ब्रॅकेट तुळशीपाशी खिळ्याने ठोकून त्याच्यावर पणती ठेवली होती. ते एका बाजूला वाकायलाही लागलं होतं.

पुढची पाच-सहा वर्षं जीप कुडाळच्या गॅरेजात जात राहिली. तिथल्या लोकांनी डायनामो दोनदा बदलला. ब्रॅकेटला हात लावला नाही; तेवढी अक्कल त्यांना होती. मेस्त्री खाटा आणि कपाटं करत राहिला. पंगतीत मागे सरकला. जीप त्याच्या घरावरून जायची तेव्हा वर बघायचा नाही, पण रंध्याचा आवाज थांबायचा आणि जीप वळण पार करून गेली की परत सुरू व्हायचा. मला ते बघवत नसे. म्हणून मी जीपमधून त्याला हाक मारायचंही सोडून दिलं.

मग डॉक्टर थकले आणि त्यांनी जीप एका जांभ्याच्या खाणवाल्याला विकायची ठरवली. तो न्यायला आला तेव्हा वसंतराव, शालू आणि त्यांची पाच वर्षांची सुमन सुट्टीवर आलेली होती. गिऱ्हाइकाला इंजिन दाखवायला वसंतरावांनीच बॉनेट उघडलं आणि रॉकेलच्या फडक्याने डायनामोखालची धूळ पुसली. पुसता पुसता हात थांबला. कितीही झालं तरी इंजिनिअर माणूस. गंजाची जाडी, फुली आणि कडेला उरलेला चंदेरी रंग, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

ते तडक मेस्त्रीच्या घरी निघाले. मागून सुमन, तिच्या मागून मी. मेस्त्री आता दोऱ्याने बांधलेला चष्मा लावायचा. दारात वसंतरावांना बघून उठू लागला.

"मेस्त्री, तुम्ही मुद्दाम हरलात."

"होय."

"का? तिसऱ्या चढणीवर माझी फजिती बघायला सगळा गाव बसवला होतात ना?"

"बसवलंय होतंय तर. मजा इली असती." मेस्त्री क्षणभर हसला. मग दारात रंध्याचे तुरे गोळा करत बसलेल्या सुमनकडे बघत म्हणाला, "पैज तुमची नि माझी होती, जावयबापू. ह्या पोराक कोणी इचारला नव्हता."

 वसंतरावांनी खिशातली तिन्ही पेनं काढून माझ्या हातात दिली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "ठरलं होतं ते ठरलं होतं. चला. पाना मी धरतो."

गाडी देण्याआधी मेस्त्रीने डायनामो शेवटचा आवळला. इंजिनिअरसाहेब हाताखाली. "पानो असो धरतत? लेखणी आसा ती?" "हय बगा, हय. थंय काय खाणावळ आसा?" अशी त्याने पाच वर्षांची सगळी भरपाई अर्ध्या तासात करून घेतली. वसंतरावांचा तेलाने काळा झालेला पांढरा शर्ट बघून वैनी आत निघून गेल्या. डॉक्टरांनी आज घड्याळ बघितलं नाही. स्वतः स्टेथोस्कोप आणून मेस्त्रीच्या गळ्यात घातला.

मेस्त्रीने चारी बाजूंनी इंजिन ऐकलं. मग बॉनेटवर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा! लेक सासरी चल्ली हा. नव्या घरात तिका सांभाळून घे!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज वसंतरावांचा होता.

"डायनामोच्या मानकऱ्या, तुझो मान तुका दिलेलो आसा!"

पुढचं म्हणायच्या जागी तो चष्मा काढून काचा पुसू लागला. सुमननेच "होय म्हाराजा" म्हणून वेळ मारून नेली.

खाणवाल्याने जीप सुरू केली. वसंतराव म्हणाले, "मेस्त्री, वळणापर्यंत तरी बसा." त्याने मान हलवली आणि नेहमीसारखा मागून चालू लागला. गळ्यात स्टेथोस्कोप, एका कानामागे तळहात. वळणाशी जीप दिसेनाशी झाली तसा तो थांबला आणि आवाज पुरता जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

परत येऊन त्याने स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. मी स्पिरिटची बाटली घेतली आणि तशीच परत ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पेशंटच्या छातीवर इतक्या वर्षांनी पुन्हा काळा गोल उमटला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.